स्कॅन झालं, म्हणून रद्दी काढू नका

संस्थांच्या वार्षिक सभेत हल्ली एक वाक्य हमखास टाळ्या घेतं. 'आपल्या संग्रहातल्या सर्व दुर्मीळ ग्रंथांचं आणि कागदपत्रांचं डिजिटायझेशन पूर्ण झालेलं आहे.' टाळ्या पडतात, शाल-श्रीफळ होतं, हार्ड डिस्क हातात धरून पदाधिकाऱ्यांचा फोटो निघतो. मला त्या क्षणी धडकी भरते. कारण त्यानंतरच्या कार्यकारिणीच्या बैठकीत पुढचा विषय ठरलेला असतो: वरच्या मजल्यावरची जागा मोकळी करणे. कपाटं गंजली आहेत, गठ्ठ्यांना कसर लागली आहे, स्पर्धा परीक्षेच्या मुलांना अभ्यासिका हवी आहे आणि आता तर सगळं डिस्कमध्ये आलं आहे. मग एक दिवस दारात टेम्पो उभा राहतो.

हा टेम्पो थांबवण्यासाठी आजचं सदर आहे. स्कॅन ही कागदाची प्रत आहे. ती वाचायला सोयीची, पाठवायला सोयीची, शोधायला सोयीची. पण जिच्या भरवशावर आपण मूळ कागद घालवायला निघतो, ती डिस्क वयाने त्या कागदाच्या पासंगालाही पुरत नाही.

दूर जायला नको. सप्टेंबर २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांतले जुने गठ्ठे सुटू लागले. मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही, मला त्या कागदांबद्दल बोलायचं आहे. कोतवाल बुकं, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, जमाबंदीचे कागद. काही मोडीत, काही उर्दूत. काही निजामाच्या राजवटीतले. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणा कोतवालाने, कुणा कारकुनाने केलेली नोंद आज एका कुटुंबाच्या भवितव्याचा पुरावा ठरत होती. ती वाचायला काय लागलं? मोडी जाणणारा माणूस आणि उजेड. पासवर्ड लागला नाही, केबल लागली नाही, बंद पडलेल्या कंपनीचं सॉफ्टवेअर लागलं नाही.

आणि हे कागद कुणी फार जपले होते म्हणून टिकले, असंही नाही. बहुतेक ठिकाणी ते कोपऱ्यात पडून होते. कुणी त्यांना हात लावला नव्हता, कुणी आवराआवर केली नव्हती, हेच त्यांचं नशीब. कागदाला दुर्लक्ष चालतं. फाइलीला चालत नाही. कागद माळ्यावर टाकून दोन पिढ्या विसरता येतो. फाइल म्हणजे गोठ्यातली गाय, तिला रोज वैरण-पाणी लागतं आणि एक हंगाम जरी तिच्याकडे पाठ फिरवली तरी परत येऊन पाहावं तो दावं रिकामं.

माझं सगळं म्हणणं या फरकावर उभं आहे.

सगळेच कागद सारखे नसतात, हे आधी सांगतो. पेशवाईतली दप्तरं ज्या जुन्नरी आणि दौलताबादी कागदावर लिहिली गेली तो चिंध्यांच्या लगद्याचा, हाताने केलेला. शाई काजळाची. काजळ म्हणजे जवळजवळ शुद्ध कार्बन, तो उन्हाने उडत नाही की वयाने फिकट होत नाही. कागद रुमालात बांधायचे, रुमालात वेखंडाचे तुकडे ठेवायचे, म्हणजे किडा लागत नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कोट्यवधी कागद असे रुमालांत बांधून आपल्यापर्यंत आले आहेत. १९३०नंतर गो. स. सरदेसायांनी त्यातून निवडून ४५ खंड छापून काढले, तरी रुमाल संपले नाहीत. याउलट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्याच्या पोटातच आम्ल. शंभर वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्र उघडलं की घडीवर तुकडा पडतो, तो त्यामुळे. असा कागद स्कॅन करायलाच हवा, आणि तातडीने. मी स्कॅनिंगच्या विरोधात नाही. स्कॅनिंग झाल्याबरोबर जो हात झटकला जातो, त्याच्या विरोधात आहे.

आता इंग्लंडमधली एक गोष्ट. हा विषय निघाला की ती सांगितलीच पाहिजे.

१०८६ साली विल्यम द कॉन्करर याने आपल्या नव्या राज्याची मोजदाद करून घेतली. कोणाची जमीन किती, नांगर किती, गिरण्या किती. मेंढीच्या कातड्यावर लिहिलेलं ते 'डूम्सडे बुक' आजही लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि लॅटिन येणारा माणूस ते आजही वाचू शकतो. १९८६ साली त्याला ९०० वर्षं झाली म्हणून बीबीसीने नवं डूम्सडे करायचं ठरवलं, संगणकावर. देशभरातल्या शाळांतल्या मुलांनी आपापल्या गावाची माहिती लिहिली, फोटो काढले, दुकानांची यादी केली, आपण दिवसभर काय करतो ते सांगितलं. दहा लाखांहून अधिक लोकांचा हातभार लागला. सुमारे २५ लाख पौंड खर्च झाले. हे सगळं दोन मोठ्या लेझर डिस्कवर भरलं. त्या वाचायला एक खास फिलिप्सचा प्लेअर आणि बीबीसीचाच मास्टर संगणक लागे. तो संच इतका महाग, की ज्या शाळांनी माहिती गोळा केली त्यांतल्या बहुतेकांना तो घेता आला नाही.

पुढे बाजाराने त्या डिस्कच्या जातीकडेच पाठ फिरवली. प्लेअर बनणं थांबलं. २००२ साल उजाडलं तेव्हा १६ वर्षांपूर्वीचा हा ठेवा वाचता येणारी चालू यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरल्याची ओरड सुरू झाली. ९०० वर्षांचं कातडं ठणठणीत, १६ वर्षांची डिस्क अत्यवस्थ! मग लीड्स आणि मिशिगन या दोन विद्यापीठांच्या संशोधकांनी जुन्या संगणकाची नक्कल करणारं सॉफ्टवेअर लिहिलं, डिस्कवरचा मजकूर उतरवून घेतला आणि ठेवा वाचवला. २०११ साली बीबीसीने त्यातला बराच भाग संकेतस्थळावर खुला केला. लोक खूश झाले. २०१८ साली ते संकेतस्थळही बंद झालं. आज त्याची जतन केलेली प्रत आहे ती राष्ट्रीय अभिलेखागाराकडे, म्हणजे ज्या संस्थेत ते कातड्याचं पुस्तक आहे तिथेच.

लोक यातून 'डिजिटल वाईट' एवढाच अर्थ काढतात, तो मला पटत नाही. डिस्कवरचे आकडे गेले नव्हतेच. ते तिथेच होते. गेली होती ती वाचण्याची सोय. आणि ती परत आली कारण दोन विद्यापीठांतल्या माणसांनी त्यावर वर्षं घातली. असा सोडवणारा वाली किती ठेव्यांना मिळतो? आपल्याकडच्या ठेव्यांचं तर बोलायलाच नको.

आपल्याकडचा ठेवा म्हणजे काय, तर मराठी डीटीपी, म्हणजे संगणकावरची पानजुळणी. यावर कोणी बोलत नाही म्हणून मला जरा सविस्तर बोलायचं आहे.

१९९०च्या आसपास मराठी छापखान्यांतून खिळे गेले आणि संगणक आले. पानं लावायला पेजमेकर आलं. श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशी फॉन्टची पॅकेजं आली. त्यांनी मराठी प्रकाशनावर उपकार केले, यात शंका नाही. पुढची वीसेक वर्षं मराठीत जे काही छापलं गेलं, त्यातलं बहुतेक याच वाटेने गेलं. कादंबऱ्या, दिवाळी अंक, पाठ्यपुस्तकं, साखर कारखान्यांचे अहवाल, लग्नपत्रिका, निवडणुकीचे जाहीरनामे. पण हे फॉन्ट आतून कसे चालत ते पाहा. त्या काळच्या फॉन्टमध्ये फक्त २५६ घरं. ती इंग्रजीसाठी आखलेली. मराठीची अक्षरं, अर्धी अक्षरं, काने, मात्रा, रफार हे सगळं त्या इंग्रजी घरांत दाटीवाटीने बसवलेलं. कोणत्या घरात काय बसवायचं हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं. एका पॅकेजमध्ये ज्या घरात 'म' तिथे दुसऱ्यात रुकार. एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या फॉन्टांतही घरं बदललेली. फाइलीत साठवला जातो तो फक्त घराचा क्रमांक. तिथे 'म' आहे हे ज्ञान फाइलीत नाही, ते फॉन्टमध्ये आहे. फॉन्ट गेला की ज्ञान गेलं.

अशी एक फाइल मी पुण्यातल्या एका जुन्या डीटीपी ऑपरेटरच्या शेजारी बसून उघडली आहे. नव्वदच्या दशकातला एका लहान मासिकाचा अंक. मासिक बंद पडलेलं, संपादक हयात नाहीत, त्यांच्या घरच्यांनी सीडी जपून ठेवलेली. आधी सीडी वाचणारा ड्राइव्ह शोधला, कारण आताच्या लॅपटॉपला ती फटच नसते. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह कोणाकडून तरी आणला. तीन सीडींपैकी एक वाचेचना. दुसरीवर पेजमेकरच्या फाइली निघाल्या. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची. त्या फाइली त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये उघडायच्या तर तेही २०१२पर्यंतच्या आवृत्तीत. त्यापुढच्या आवृत्त्यांनी ती वाटच बंद केली. ऑपरेटरने फडताळातला विंडोज एक्सपीवर चालणारा म्हातारा संगणक सुरू केला. फाइल उघडली. पानाची आखणी दिसली, शीर्षकाची चौकट दिसली, चित्राच्या जागी राखाडी चौकोन. आणि मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हं, उलटे प्रश्नचिन्ह आणि टोप्या घातलेल्या रोमन स्वरांची रांग. अख्खं पान. मग अख्खा अंक.

फॉन्टचं पॅकेज डोंगलशिवाय चालत नव्हतं. डोंगल म्हणजे संगणकाच्या मागे लावायचं कुलूप. ते केव्हाच हरवलेलं. शेवटी ऑपरेटरने आपल्या जुन्या साठ्यातून जुळणारा फॉन्ट काढला, मजकूर दिसू लागला आणि मग तो युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्व संगणकांच्या सामायिक अक्षरसंकेतांत, बदलायचं काम सुरू झालं. बदलणारे कन्व्हर्टर मिळतात. ते बरंचसं काम करतात आणि जिथे चुकतात तिथे माणसालाच बसावं लागतं. त्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, कारण ती उच्चारात नंतर आहे. साध्या अक्षरावर हे जमतं. जोडाक्षर आलं, त्यावर रफार आला, की वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. 'र्‍य' तुटतो. अनुस्वार हरवतो. ऑपरेटर ओळीवर बोट ठेवून वाचत होता आणि मी छापील अंक शेजारी धरून तपासत होतो.

छापील अंक! त्याच्यामुळेच आम्हाला कळत होतं की मूळ शब्द काय आहे. घरच्यांनी सीडीबरोबर अंकाची एक प्रत ठेवली होती, पिवळी पडलेली, पिन गंजलेली. ती नसती तर डिजिटल प्रत दुरुस्त करायला आधारच नव्हता.

काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक १९०९ साली काढला. त्याची प्रत ज्या ग्रंथालयात असेल तिथे जाऊन ती आज वाचता येते. नव्वदनंतरच्या कित्येक दिवाळी अंकांच्या फाइली आज त्यांच्या प्रकाशकांनाही उघडत नाहीत. छापील प्रती आहेत म्हणून ते अंक आहेत. आणि आता जे अंक, जी नियतकालिकं छापलीच जात नाहीत, नुसती पडद्यावर निघतात, त्यांची छापील प्रतही नाही.

वाचता न येणारा मजकूर मराठीला नवा नाही. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिले, सकळ लिपी त्यांतली प्रसिद्ध. तेराव्या शतकातलं 'लीळाचरित्र' मराठी गद्याचा पाया, पण पंथाबाहेरच्या मराठी माणसाला शतकानुशतकं ते वाचताच आलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या पिढीने ती लिपी उकलली आणि मराठी साहित्याचा इतिहास मागे सरकला. ती उकल शक्य झाली कारण पोथी डोळ्यांसमोर होती. अक्षर अनोळखी असलं तरी दिसत होतं, मोजता येत होतं, पुन्हा कुठे येतं ते पाहता येत होतं. आपण गेल्या तीस वर्षांत, कोणाचा तसा हेतू नसताना, मराठीचा मोठा भाग डझनभर सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवला आहे. आणि त्या लिप्या उकलायच्या तर आधी डिस्क फिरली पाहिजे. ती फिरायची थांबली की उकलायला समोर काहीच नाही. हे काम पुढच्या पिढीवर टाकता येणार नाही. ते करणारे ऑपरेटर आज पन्नाशी-साठीत आहेत. कोणता फॉन्ट कोणत्या आवृत्तीचा हे नुसत्या नजरेने सांगणारी ही शेवटची माणसं आहेत. मोडी वाचणारे जसे शोधून आणावे लागले, तसे हेही लागतील, आणि तोवर उशीर झालेला असेल.

'पण आता क्लाउड आहे ना!' हे उत्तर मला प्रत्येक ठिकाणी ऐकायला मिळतं.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या जागेतल्या डिस्का. त्याही जळतात. २६ सप्टेंबर २०२५ला दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्यांनी पेट घेतला. तिथे सरकारी कर्मचाऱ्यांसाठीचा जी-ड्राइव्ह नावाचा साठा होता, ८५८ टेराबाइटचा. कामाचे कागद आपापल्या संगणकावर न ठेवता तिथेच ठेवा, अशी त्यांना सूचना असे. साठा इतका अवाढव्य, की त्याची बाहेर दुसरी प्रत ठेवलेलीच नव्हती. तो गेला. तंत्रज्ञानात आपल्या कितीतरी पुढे असलेला देश हा!

त्याआधी ऑक्टोबर २०२३मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. कोट्यवधी पुस्तकं, हस्तलिखितं जागेवर सुरक्षित होती, एका पानालाही ओरखडा नव्हता. पण त्यांची सूची संगणकावर. ती कोलमडली आणि जानेवारी २०२४पर्यंत परत आली नाही. यॉर्कशरमधल्या बॉस्टन स्पा इथल्या गोदामातली पुस्तकं यंत्राकडून काढून घ्यायची, तीही अडकून पडली. आपल्याकडच्या ज्या ग्रंथालयांनी सूची संगणकावर चढवली आणि कार्डांचे लाकडी ड्रॉवर मोडीत काढले, त्यांना मला विचारायचं आहे: तुमच्याकडे त्या सूचीची छापील प्रत आहे का? वर्षातून एकदा ती छापून बांधून ठेवायला कितीसा खर्च येतो?

कागदाची बाजू घेताना त्याचे अपघात झाकायचे नाहीत. २१ जून २०१२ला मंत्रालयाला आग लागली, वरचे मजले जळाले, त्यांच्याबरोबर फाइली गेल्या. ज्यांच्या प्रती संगणकावर होत्या तेवढ्यांचाच आधार उरला. ५ जानेवारी २००४ला पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला आणि पोथ्या, पुस्तकं, कागद यांची नासधूस झाली. त्या दिवशी मराठी माणसाने मान खाली घालावी असं घडलं. त्याआधी २००३मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेट फिल्मचा साठा जळाला आणि आपल्या सुरुवातीच्या सिनेमाचा मोठा तुकडा कायमचा गेला. या तिन्ही ठिकाणी दुसरीकडे चांगली प्रत असती, तर नुकसान अर्ध्यावर आलं असतं. जे एकाच जागी आहे ते धोक्यात आहे, मग ते कातडं असो, कागद असो, फिल्म असो की फाइल. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने १९९९च्या सुमारास याच तत्त्वावर एक योजना उभी केली: अनेक ग्रंथालयांनी एकमेकांच्या प्रती ठेवायच्या आणि त्या एकमेकींशी सतत पडताळून पाहायच्या, एकीत बिघाड दिसला की दुसरीवरून दुरुस्त करायच्या. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून मिळवलेले कागद 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या २२ खंडांत छापले, तेव्हा त्यांनीही एका परीने तेच केलं. मूळ कागद कुठे का असेना, त्याचा मजकूर शेकडो कपाटांत पोचला.

मग अडतं कुठे? पैशात. आणि पैशाच्या रकमेपेक्षा त्याच्या प्रकारात.

हॉलिवूडच्या ऑस्कर देणाऱ्या अकादमीने २००७ साली हिशोब मांडला. एका चित्रपटाची मूळ प्रत फिल्मवर ठेवायची तर वर्षाला १,०५९ डॉलर, डिजिटल ठेवायची तर १२,५१४ डॉलर. जवळपास बारापट. कारण फिल्मचा डबा थंड, कोरड्या खोलीत ठेवला की झालं. डिजिटल प्रत मात्र सतत नव्या माध्यमावर हलवावी लागते, तपासावी लागते, तिच्यासाठी माणूस ठेवावा लागतो. साठवण तेव्हापासून स्वस्त झाली आहे, आकडे आज तेच राहिलेले नाहीत. पण प्रकार तोच आहे. मोठ्या संस्था वापरतात त्या एलटीओ टेपचंच पाहा: पहिली पिढी २०००ची, नववी २०२१ची, आणि नवं यंत्र मागच्या फार तर एखाद-दुसऱ्या पिढीचीच टेप वाचतं. म्हणजे दर सहा-आठ वर्षांनी सगळा संसार नव्या टेपवर हलवायचा. न हलवता राहिलात तर अडकलात.

आपल्याकडे डिजिटायझेशनचं टेंडर निघतं ते एकदाच. इतक्या लाख पानांचं स्कॅनिंग, पानामागे इतके रुपये, इतक्या महिन्यांत. ठेकेदार येतो, पानं उलटतो, डिस्क देतो, बिल घेतो. दर वर्षी ती डिस्क कोण तपासणार, पाच वर्षांनी नव्या माध्यमावर कोण हलवणार, मूळ स्कॅन कोणत्या फॉर्मॅटमध्ये घेतलं, याबद्दल टेंडरमध्ये ओळ शोधून सापडत नाही. कित्येक ठिकाणी ठेकेदाराने आकार लहान करून दिलेल्या पीडीएफच तेवढ्या हातात असतात. मोडीचा बारीक फाटा त्यांत पुसट होऊन जातो आणि 'प' की 'ष' हे ठरवायला परत रुमालच सोडावा लागतो. रुमाल असेल तर.

कायदा याबाबत मागे नाही, हे मुद्दाम सांगतो. १९९३च्या केंद्राच्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने संगणकाने तयार केलेल्या साहित्यालाही अभिलेखच मानलं आहे. सरकारी कचेरीत कागदाची वर्गवारी ठरलेली असते: 'अ' म्हणजे कायम, 'ड' म्हणजे वर्षभर. कारकुनाला ती तोंडपाठ असते. मग ई-ऑफिसमध्ये जन्मलेली 'अ' वर्गाची फाइल पन्नास वर्षांनी कोणत्या यंत्रावर उघडायची, तिच्यावरची डिजिटल सही पडताळणारं प्रमाणपत्र दोन-तीन वर्षांत संपतं, त्यानंतर ती सही खरी कशावरून मानायची, याचं उत्तर प्रत्येक खात्याने लिहून ठेवलं पाहिजे. लिहून, आणि कागदावरही.

घरातल्या कागदांचं आणखी वेगळं. जी. ए. कुलकर्णी यांची पत्रं पुस्तकरूपाने आपल्यापुढे आली कारण ती ज्यांना लिहिली त्यांनी ट्रंकेत ठेवली होती. आजच्या लेखकाचा पत्रव्यवहार ई-मेलच्या खात्यात आहे, पासवर्ड त्याच्या डोक्यात. गुगलने २०२३मध्ये जाहीर केलं की दोन वर्षं न उघडलेली वैयक्तिक खाती मिटवली जाऊ शकतात. माणूस गेल्यावर घरचे सावरेपर्यंत दोन वर्षं जातातच. इंटरनेटच्या जनकांपैकी एक मानले जाणारे आणि गुगलमध्येच काम केलेले विंट सर्फ यांनी २०१५ साली लोकांना सांगितलं होतं, की ज्या फोटोंवर तुमचा जीव आहे ते छापून ठेवा. इंटरनेट घडवणारा माणूस हे सांगतो, तेव्हा आपण ऐकावं.

म्हणून मागणी साधी आहे, आणि ती प्रत्येक ग्रंथालयाच्या, मंडळाच्या, प्रकाशन संस्थेच्या, नगरपालिकेच्या दारात मी करणार आहे. स्कॅनची मूळ, न दाबलेली प्रत मागून घ्या. तीन प्रती करा, एक दुसऱ्या गावात ठेवा. कोल्हापूरच्या संस्थेने नागपूरच्या संस्थेची प्रत ठेवावी, नागपूरने कोल्हापूरची. प्रत्येक फाइलीचा चेकसम काढून ठेवा. तो आकडा वर्षाने पुन्हा काढून जुळवला की फाइलीत एक टिंब जरी बिघडलं असेल तरी कळतं. हे काम कॉलेजातला मुलगा एका दिवसात शिकतो. जुन्या फॉन्टांतले मजकूर युनिकोडमध्ये आणा, आत्ताच, ऑपरेटर हयात आहेत तोवर, आणि त्यांना त्याचे नीट पैसे द्या. फार मोलाचं असेल ते मायक्रोफिल्मवर घ्या, ती वाचायला भिंग आणि दिवा पुरतो.

आणि येत्या मार्चआधी अंदाजपत्रक बसेल तेव्हा त्यात 'डिजिटल संग्रह देखभाल' अशी एक ओळ घाला. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती दर वर्षी असली पाहिजे. ज्या संस्थेच्या अंदाजपत्रकात ती ओळ नाही, तिने डिजिटायझेशन पूर्ण झाल्याचं सभेत जाहीर करू नये. आणि ओळ आली तरी टेम्पो बोलावू नका. अभ्यासिकेला दुसरी खोली बघा.